तिरोडकर सरांची उत्तरपत्रिका

सर, आज तुमचा पेपर तपासला. लाल पेन, शेजारी उत्तरसूची, मोबाइल पिशवीत, अगदी तुम्ही शिकवलंत तसं. तुम्ही असतात तर लगेच म्हणाला असतात, "भोईरबाई, परीक्षकाने परीक्षार्थ्याशी बोलायचं नसतं." पण तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले, आणि मला बोलायचंय. मी एकदा सुरू झाले की थांबत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?

काकूंचा फोन आला तेव्हा मी कल्याणला, हॉस्पिटलच्या तळघरात, माझ्या रेकॉर्ड रूममध्ये होते. काकू म्हणाल्या, "वैशाली, अगं हे सकाळी उठलेच नाहीत." आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "मग उठवा ना, काकू." काकूंनी पुन्हा तेच सांगितलं. मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. त्या एका वाक्याची मला अजून लाज वाटते. घरी गेले तर आईने दारातच विचारलं, "गेला का गो तुझा मास्तर?" आणि मी चपला न काढता तिथेच उंबऱ्यावर बसले.

खरं सांगू? आधी रडू नाहीच आलं. राग आला. आपलं भांडण चालू होतं ना, सर. भांडण अर्धं टाकून असं कोणी जातं का? पुढच्या बैठकीत मी काय बोलणार ते मी रोज भांडी घासताना ठरवत होते. तुम्ही काय उत्तर द्याल तेही मीच ठरवत होते, आणि त्यावर माझं उत्तर तयार होतं. एवढी तयारी मी आयुष्यात कुठल्या परीक्षेची केलेली नाही.

तुमच्या दिवसांना गावाकडून आलेले तुमचे एक चुलतभाऊ मला विचारत होते, "आमचा भाऊ रिटायर झाल्यावर ठाण्याला नेमका काय करायला जायचा हो?" म्हटलं, परीक्षा घ्यायचे. "कसली?" आता इथे मी नेहमी अडते. म्हटलं, शाळेत, दवाखान्यात, पतपेढीत, कुठल्याही कचेरीत जुने कागद सांभाळणारा एक माणूस असतो ना, त्याची परीक्षा. कुठला कागद ठेवायचा, किती वर्षं ठेवायचा, मागितला की पाच मिनिटांत कसा काढायचा. अ वर्ग म्हणजे कायम जपायचा, ब म्हणजे तीस वर्षं, क म्हणजे पाच-दहा वर्षं, आणि ड म्हणजे वर्ष झालं की फाडायचा. हे ज्याला जमतं त्याला आमचं मंडळ प्रमाणपत्र देतं. तुमचे भाऊ खूश होऊन म्हणाले, "म्हणजे रद्दी ओळखायची परीक्षा!" तुम्ही ऐकलं असतंत तर त्यांना तिथल्या तिथे पाटावर बसवून पेपर दिला असतात.

आपली ओळख मुळात मी नापास झाले म्हणून झाली. हॉस्पिटलात तेव्हा मी केसपेपरच्या खिडकीवर होते. एका पेशंटच्या नातेवाइकाशी माझं वाजलं, कारण माझ्या जिभेला हाड नाही, आणि शिक्षा म्हणून मला तळघरात धाडलं. तिथे कागदांचे ढीग आणि मी. कोणीतरी म्हणालं, ठाण्याला टेंभी नाक्यापाशी एक मंडळ आहे, ते या कामाची परीक्षा घेतं. गेले. तो अंधारा जिना चढून वर आले तर तुम्ही दारात उभे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पहिलं वाक्य काय तर, "उशीर झाला नाही, पण होणार होता."

तुमचं ते प्रात्यक्षिक! प्रत्येकासमोर लाल रुमालात बांधलेला एक गठ्ठा. आत साठ कागद, सगळे भिसळलेले, वेळ एक तास. रुमाल सोडायचा, कागद अ ब क ड लावायचे, यादी करायची आणि तुमच्याच पद्धतीची गाठ मारून परत बांधायचा. गाठ एका हाताने सुटली पाहिजे. ते साठ कागद तुम्ही घरी बसून स्वतः लिहायचात, वेगवेगळ्या पेनांनी, वेगवेगळ्या अक्षरांत. आख्खी एक खोटी कचेरी वसवली होतीत. तिच्यात कारकून साळवी, ज्याची आजी रजेच्या तीन अर्जांत तीनदा वारायची. तिच्यात मोठे साहेब, जे कुठल्याही कागदावर "चर्चा करा" एवढंच लिहायचे. आणि तिच्यात शिपाई गोविंद.

मी तो गठ्ठा सुसाट लावला. साळवीच्या आजीवर हसले, माझ्या बाजूची बाईपण हसली. मध्ये एक चहाची चिठ्ठी होती. चार कटिंग, दोन बिनसाखरेचे. त्यात काय बघायचंय? ड. निकाल लागला, मी नापास. मी तणतणत तुमच्याकडे आले. तुम्ही ती चिठ्ठी माझ्यापुढे सरकवलीत आणि म्हणालात, "पाठ बघा." उलटी केली तर मागे साहेबांच्या अक्षरात तारीख, आणि खाली, गोविंद आजपासून कामावर रुजू. बाकीच्या एकोणसाठ कागदांत गोविंद कधी लागला ते कुठेच नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तुम्ही हा कागद फाडलात, भोईरबाई. आता गोविंदने कोणाकडे जायचं?"

आणि सर, जगात नसलेल्या त्या शिपायासाठी मी तुमच्यासमोर रडले. तुम्ही घाबरलात. मला खाली घेऊन गेलात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पीयूष पाजलंत. पुढच्या खेपेला मी पास झाले. मग मंडळातच घुसले, मग पेपर काढणाऱ्या समितीत, आणि बैठकीनंतरचं ते पीयूष कधी चुकलं नाही.

आंबिवलीची ती बाई आठवते का? तुम्हाला सांगितलेलं मी. तिला स्वतःच्या जन्माचा पुरावा हवा होता, कुठेच नोंद मिळेना, सगळीकडून हात हलवत परत आलेली. तिच्या आईचा केसपेपर मला सापडला, पण समोरची बाजू ओलीने पार गेलेली. मी तो उलटा केला. मागे नर्सने घाईत लिहून ठेवलेलं, मुलगी, वेळ, वजन, आईचं नाव. ती बाई माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरले. मनात म्हटलं, माझ्या नको, डोंबिवलीला एक सर राहतात त्यांच्या पड. तुम्हाला फोन केला तर तुम्ही एवढंच म्हणालात, "यादीत चढवला का तो कागद?"

एवढं सगळं मला कळतं, सर. कळत नव्हतं असं नाही. पण तुम्हालाही माझं ऐकायला नको का? माझ्या तळघरात आता नवा केसपेपर येतच नाही. तपासण्या कॉम्प्युटरवर. डॉक्टर औषध बदलतात ते मोबाइलच्या ग्रुपवर लिहून, कधी तर नुसतं बोलून पाठवतात. फोन बदलला की ते गेलं. आणि आपण परीक्षेत काय विचारत होतो? वाळवीला कुठली पूड आणि रुमालाला कुठली गाठ. परीक्षेला बसणारे वर्षागणिक कमी होत गेले. खडवलीची निलिमा, एका दवाखान्यात कंत्राटावर आहे, हुशार पोरगी. तिला सांगितलेलं की प्रमाणपत्र आण, मग कायम करायचं बघू. तिने चौकशी केली तर साहेब म्हणाला, "ते रुमालवालं सर्टिफिकेट? त्यात कॉम्प्युटरचं काय आहे का?" तिने मला फोन करून विचारलं, "मॅडम, बसू की नको?" आणि मला, समितीच्या सदस्याला, उत्तर देता येईना.

ते मी तुम्हाला पीयूष पिता पिता सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मग ग्रुपवरचं छापा आणि रुमालात बांधा."

"आणि आवाजी मेसेज कसा छापू, सर?"

तुम्ही ग्लास खाली ठेवलात. "आवाज म्हणजे कागद आहे का, भोईरबाई?"

"आहे."

"नाही."

"आहे, सर. त्या आवाजावर माझ्याकडे पेशंटचं औषध बदलतं."

"पाठ कुठाय त्याला? कोणी, कधी, कोणाला? स्क्रीनला तरी पाठ आहे का?"

"नसू दे. जग स्क्रीनवर गेलंय!"

शेवटी दुकानदार म्हणाला, "भाऊ, ताई, अजून एक एक देऊ का?" आपण दोघंही एकदम नको म्हणालो.

मग मी हट्टाने नवा पेपर काढला. शंभर गुणांचा, सगळा कॉम्प्युटरचा. समितीचा एक नियम तुम्ही पहिल्यापासून घालून दिलेला. जो पेपर काढेल त्याने आधी स्वतः तो सोडवायचा, पूर्ण वेळ, पर्यवेक्षक बसवून. तुम्ही दर वर्षी सोडवायचात, स्वतःच वसवलेली ती साळवी-गोविंदची कचेरी नव्याने लावत बसायचात. मी म्हटलं, मीच काढलाय, मला काय येणार नाही होय? नाही सोडवला. चाचणी परीक्षा ठेवली, आणि पहिल्या दहा मिनिटांत निलिमाने हात वर केला. "मॅडम, हे बटणच नाहीये आता. परवा अपडेट आला ना, त्यात गेलं." एक प्रश्न गेला. मग दुसरा. मग तिसरा. मी उभी, उत्तरसूची हातात, आणि सूचीतलं उत्तर फळ्यावर लिहिलं असतं तरी चूकच.

तुम्ही मागच्या बाकावर होतात. तुम्ही फक्त म्हणालात, "कागदाला अपडेट येत नाही, हे एक बरं असतं." पोरं हसली. तुम्ही टोमणा मारायला बोलला नव्हतात, आज मला कळतंय. त्या दिवशी माझ्या नाकाला मिरची झोंबली.

पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी ठराव मांडला. जुनी परीक्षा कोणाला नको, नवी उभी राहत नाही, तर परीक्षाच बंद करावी; निर्णय पुढच्या बैठकीत. मला तेव्हा अध्यक्षांवर चिडायला हवं होतं. मी तुमच्यावर चिडले. मी म्हटलं, "सरांचा तो रुमाल ड वर्गात टाका आधी." एवढ्यावर थांबायचं ना? नाही. "आणि खरं तर पेपर काढणाऱ्यालाही टाका." दोघं-तिघं हसले. तुम्ही पेनाला टोपण लावलंत, पेन खिशाला अडकवलंत, "येतो," म्हणालात आणि जिना उतरलात. आपण नेहमी बरोबर उतरायचो. मी दहा मिनिटांनी उतरले. दुकानापाशी थांबले, आत डोकावले. तुम्ही नव्हतात. मीही न पिता गेले.

त्यानंतर तुम्ही सव्वीस दिवस होतात. मी मोजलेत. सव्वीस दिवसांत मी पाच-सहा वेळा मोबाइलवर लिहिलं, "सर, त्या दिवशी". पुढे काय लिहावं कळेना, पुसून टाकलं. डोंबिवली काय लांब आहे? रिक्षाने आले असते. दुसऱ्यांचे चाळीस वर्षांपूर्वीचे कागद पाच मिनिटांत काढून देणारी बाई मी, आणि माझ्या माफीचा एक चिटोराही कुठे नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्याकडे माझं शेवटचं वाक्य कुठलं होतं, तर ते. रात्रंदिवस तेच डोक्यात.

तेराव्यानंतर काकूंनी मला आत बोलावलं. कपाटातून एक लाल रुमाल काढला, तुमच्या गाठीचा. म्हणाल्या, "हे तुझ्याकडे द्यायचं होतं त्यांना, बैठकीत. आता तूच ने." मी एका हाताने गाठ सोडली. आत माझा प्रश्नपत्रिकेचा कागद आणि एक उत्तरपत्रिका. मंडळाचीच, शिक्क्याची. परीक्षार्थीचे नाव, अनंत तिरोडकर. पर्यवेक्षकाची सही, काकूंची.

"अहो काकू, हे काय?"

"मला काय विचारतेस? एक दिवस म्हणाले, भोईरबाईंनी स्वतः सोडवला नाही, कोणीतरी सोडवायला हवा. नियम आहे. माझा टॅब मागितला, बटणं बघायला. मी म्हटलं, बसायचं तर नीट बसा. ओट्यावरचं घड्याळ आणून समोर ठेवलं. तीन तास. मध्ये चहा मागितला, म्हटलं, परीक्षेत चहा नसतो. दोनदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, म्हटलं, समोर बघा." काकूंनी तीस वर्षं शाळेत काढलीत, त्यांच्यापुढे तुमची काय बिशाद. सांगता सांगता त्या हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. मग आम्ही दोघी तिथे पलंगावर बसून मनसोक्त रडलो. मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं.

सर, तुम्ही माझ्याच उत्तरसूचीवरून स्वतःचा पेपर स्वतः तपासला होतात. एक गुण इकडचा तिकडे केला नव्हतात. छत्तीस. पास व्हायला चाळीस लागतात. पहिल्या पानावर लाल शाईत तुमच्याच अक्षरात, अनुत्तीर्ण.

पण मला हलवलं ते समासाने. माझ्या प्रत्येक प्रश्नासमोर तुम्ही पेन्सिलीने एक अक्षर घातलं होतंत. अ, ब, क, ड. मी बोलले होते ना, ड मध्ये टाका. दुसऱ्या कोणी त्याचा डूख धरला असता. तुम्ही घरी जाऊन खरंच वर्गवारी करायला बसलात! अमुक बटण कुठे आहे, ड, वर्षात बदलेल. अमुक यादी कुठल्या क्रमाने उघडते, ड. फाइल कोणी बघावी आणि कोणी बघू नये, हे कसं ठरवाल, अ. फोन बदलला तर त्यावरच्या कामाच्या निरोपांचं काय कराल, इथे तुम्ही अ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्यात, आणि बाजूला, "उत्तम प्रश्न. असे अजून हवेत." तुम्ही कधी तोंडावर उत्तम म्हणाला होतात का मला? आणि त्या खाली, "स्क्रीनलाही पाठ असते. सौ.च्या टॅबवर सापडली. फाइल कोणी केली, केव्हा, कोणी बदलली, सगळं तिथे लिहिलेलं असतं. विचारा की!"

शेवटी एका कागदावर तुमच्या स्वतःच्या प्रात्यक्षिकाचीही वर्गवारी होती. साळवीची आजी, अ. गोविंदची चिठ्ठी, अ. वाळवीची पूड, क. रुमालाची गाठ, ड. गाठीसमोर तुम्ही आधी ब लिहून खोडलं होतंत, मग क लिहून खोडलं होतंत. त्या दोन खोडण्यांकडे मी किती वेळ बघत बसले होते, सर.

काल बैठक झाली. तुमची खुर्ची रिकामी ठेवली होती, तिच्यावर मी तुमचा रुमाल ठेवला. अध्यक्षांनी ठराव वाचला. मी उभी राहिले, आणि सगळ्यांना वाटलं, आता ही कोणाला तरी फाडून खाणार. मी फक्त उत्तरपत्रिका उघडली. तुमचा समास वाचून दाखवला. प्रश्न आणि अक्षर, प्रश्न आणि अक्षर. "सौ.च्या टॅबवर सापडली" इथे सगळे हसले. नियम मोडून पेपर मी स्वतः सोडवला नव्हता, ही चूक कबूल करायला मला पहिल्यांदाच बरं वाटलं. मग शेवटचा प्रश्न. आवाजी मेसेज रेकॉर्ड म्हणून किती काळ आणि कसा ठेवाल, दहा गुण. तुमचं उत्तर होतं, "माहीत नाही. भोईरबाईंना विचारावे." पुढे मला वाचवेना, मी उत्तरपत्रिका मिटली आणि खाली बसले.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "ठराव मी मागे घेतो. पण भोईरबाई, दर वर्षी हे करावं लागेल." म्हटलं, करणार. तर आता असं ठरलंय. परीक्षेच्या आधी समिती बसेल आणि प्रश्नांचीच वर्गवारी करेल. ड चे प्रश्न दर वर्षी फाडायचे, नवे काढायचे. अ चे जपायचे. गोविंदची कचेरी राहणार, फक्त आता तिथे टॅब आलाय. साळवी रजेचे अर्ज ग्रुपवर टाकतो, आणि आजी अजूनही वारते. निलिमाला बोलावून घेतलेलं. ती पुढच्या खेपेला बसणार, आणि पास झाली की तिला समितीत ओढायचीय. कुठलं बटण कधी गेलं ते तिला आपल्या आधी कळतं. ती मला जिन्यात म्हणाली, "मॅडम, त्या साहेबाला आता काय सांगू?" म्हटलं, "सांग, रुमालात कॉम्प्युटर आलाय."

एक सांगते. आवाज हा रेकॉर्डच आहे, सर. तिथे तुम्ही चुकलात आणि मी बरोबर होते. तुम्ही समोर असतात तर हे मान्य करायला अजून चार बैठका घेतल्या असत्यात, आणि त्या चारही मला हव्या होत्या.

आज रजा टाकून ठाण्याला आले. मंडळाच्या खोलीत कोणी नव्हतं, खिडक्या उघडल्या, आणि तुमचा पेपर पुन्हा तपासायला घेतला. फेरतपासणी करता येते, नियम आहे. प्रश्न सातवा, गुण पाच. एकाच पत्राच्या दोन फाइली सापडल्या तर खरी कुठली? माझ्या सूचीत उत्तर होतं, शेवटची तारीख असेल ती. तुम्ही लिहिलंत, "जी सहीने बाहेर गेली ती. शेवटची तारीख कोणी नुसती उघडून सेव्ह केली तरी बदलते." आणि माझ्या सूचीशी जुळत नाही म्हणून स्वतःला शून्य दिलंत. कमाल आहे तुमची! सूची चुकली होती, सर. तुम्ही नाही. पाचपैकी पाच. छत्तीस आणि पाच, एक्केचाळीस.

इतकी वर्षं लोकांना प्रमाणपत्रं वाटलीत, तुमच्याकडे एकही नव्हतं. परीक्षा तुम्हीच सुरू केलेली, तुमची कोण घेणार? "मी बिनपरवाना," असं म्हणून हसायचात. प्रमाणपत्रांचं मोठं रजिस्टर काढलं, अ वर्गातलं, कायमचं. निलिमा पास होईल तेव्हा तिच्या आधीचा नंबर तुमचा. तिरोडकर अनंत, उत्तीर्ण. खाली माझी सही केली. ज्या माणसाला मी भर बैठकीत ड मध्ये टाकलं त्याचं नाव माझ्या हाताने त्या रजिस्टरात गेलं. अक्षर बरं आलंय.

उरली उत्तरपत्रिका. तुमचाच नियम, निकाल लागला की उत्तरपत्रिका ड, वर्षाने फाडायची, परीक्षार्थी कोणीही असो. मी नियम मोडणार नव्हते. ड च्या गठ्ठ्याकडे घेऊन गेले, ठेवणार, आणि तेवढ्यात आठवलं. इतक्यांदा वाचली, पण दर वेळी शेवटच्या उत्तरापाशीच मिटली. शेवटचं पान मी उलटलंच नव्हतं! तुमची विद्यार्थिनी, सोळा वर्षं समितीत, आणि पाठ बघितली नाही.

उलटलं. पेन्सिलीत चार ओळी होत्या.

"भोईरबाई, पान उलटलंत ना? मग ठीक. त्या दिवशीचं मनावर घेतलेलं नाही, कामाला घेतलंय. माफी मागत बसू नका, वेळ जातो. बैठकीनंतर पीयूष माझ्याकडून."

मी मोठ्याने हसले सर, रिकाम्या खोलीत, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडले. मग खाली गेले. दुकानदाराने विचारलं, "सर नाहीत?" म्हटलं, "नाहीत. पण सांगून गेलेत." दोन ग्लास घेतले. एक मी प्यायले, एक दुकानदाराला पाजला.

परत वर आले. समोरची बाजू बघितली तर ड आहे, वादच नाही. पण तुम्हीच सांगा, पाठ बघितल्यावर हा कागद कसा फाडायचा? गोविंदच्या चिठ्ठीचं आपण काय केलं होतं? अ चा रुमाल काढला, यादीत चढवला, आणि तुमच्या गाठीने बांधला. एका हाताने सोडून बघितली. सुटते.